वणव्याशी झुंजणारे हात

माघ सरत आला की विदर्भातील सागवने आपला पर्णसंभार उतरवू लागतात. सुपाएवढी रुंद, ताठ, करकरीत वाळलेली पाने जमिनीवर थरावर थर साचत जातात. पाठोपाठ ऐन, धावडा, तेंदू यांची पानगळ सुरू होते. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि उन्हाची तिरीप दिवसेंदिवस प्रखर होत जाते. वनखात्याच्या दप्तरी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा कालखंड 'आगीचा हंगाम' म्हणून ओळखला जातो. या चार महिन्यांत जंगलालगतच्या गावातील माणूस रात्री अंगणात बाज टाकताना डोंगराच्या कडेकडे एकदा नजर टाकतो. काळोखात उतारावर लाल माळ पेटलेली दिसली, की ती किती लांब आहे आणि वारा कोणत्या अंगाने वाहतो आहे, हे दोनच प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. गोठ्यातील जनावरे, वैरणीची गंजी, कुंपणाला लागून असलेली चार आंब्याची कलमे, या साऱ्यांचे भवितव्य त्या दोन उत्तरांवर अवलंबून असते.

पहाटे ती माळ विझलेली दिसते. गाव कामाला लागते. रात्रभर त्या उतारावर कोण होते, याची चौकशी फारशी होत नाही.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात आग लागली. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे हे क्षेत्र. वनकर्मचारी व मजुरांचे मोठे पथक दिवसभर आगीशी झुंजत होते. सायंकाळच्या सुमारास आग आटोक्यात आल्यासारखी वाटली. परंतु वाऱ्याने ती पुन्हा भडकली. त्या ज्वाळांत सापडून तीन वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले व दोघे गंभीररीत्या भाजले. ते रोजंदारीवर कामास आलेले होते. ज्यांच्या पाठबळावर राज्यातील वने दरवर्षी उन्हाळा निभावून नेतात, त्या शेकडो हंगामी मजुरांपैकीच ते होते. विदर्भाच्या काही भागांत त्यांना 'अंगारी' म्हणतात, कागदोपत्री 'फायर वॉचर' किंवा अग्निसंरक्षक मजूर. हंगाम सुरू होताना त्यांना कामावर घेतात आणि पहिला दमदार पाऊस झाला की त्यांचे काम संपते.

अशा घटना केवळ आपल्याच राज्यात घडतात असे नाही. १६ फेब्रुवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात आग विझविताना तीन वनरक्षक सहायकांचा अंत झाला. उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी आगीवर धावून गेलेले चार वनकर्मचारी एकाच दिवशी दगावले. तिन्ही ठिकाणी बळी पडलेली माणसे वनखात्याच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर उभी होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

सरपटणारी आग

वणवा म्हटला की गगनाला भिडलेल्या ज्वाळांचे चित्र डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ते पुष्कळदा खरेही ठरते. तेथील तैलयुक्त पानांची व सूचिपर्णी झाडांची वने शेंड्यांवरून पेटत जातात आणि गावेच्या गावे गिळतात. फेब्रुवारी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अशा आगींत १७३ माणसे दगावली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव जवळजवळ बेचिराख झाले; त्या आगीचे ८५ बळी नोंदले गेले. आपल्याकडील पानगळीच्या वनातील आग तशी नसते. ती बहुधा जमिनीवरून सरपटत जाते. पालापाचोळा, गवत, काटक्याकुटक्या हे तिचे भक्ष्य. ज्वाळा गुडघ्याइतक्या, फार तर कमरेइतक्या. मोठी झाडे काळवंडतात, पण सहसा मरत नाहीत. म्हणूनच दुरून पाहणाऱ्याला ती किरकोळ वाटते.

तिचा फसवेपणा याच किरकोळ दिसण्यात आहे. सपाटीवर माणसाच्या चालीने जाणारी आग चढ लागताच धावू लागते. कारण ज्वाळा उताराकडे झुकतात आणि वरच्या बाजूचा पाचोळा पेटण्यापूर्वीच तापवून ठेवतात. अरुंद घळीत ती शिरली, की घळ चुलीच्या धुराड्यासारखे काम करते. गवताळ उतारावर तर तिचा वेग माणसाला धावून गाठता येण्यापलीकडचा असतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात भटकंतीस गेलेल्या २३ जणांचा बळी अशाच उतारावरील आगीने घेतला. दुपारी हवा कोरडी झाली की वारा दिशा बदलतो. ज्या बाजूने मजूर आगीला झोडपत असतात ती पिछाडीची बाजू क्षणात आघाडीची होते. अनुभवी अंगारी म्हणूनच पळताना डोंगर चढत नाही. तो आग जिथून जाळत पुढे गेली त्या काळ्या पडलेल्या जमिनीकडे वळतो. तेथे पाय भाजतील, पण जाळण्याजोगे काही उरलेले नसल्याने जीव वाचतो. हे ज्ञान पुस्तकात असतेच. परंतु धुराने डोळे मिटलेले असताना काळी जमीन कोणत्या अंगाला आहे हे उमगण्यास त्या विशिष्ट डोंगराची ओळख लागते. नव्याने आलेल्या माणसाला ती नसते. स्थानिक मजुराचे मोल येथे कळते.

ठिणगी कोणाची?

बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, ही समजूत ग्रामीण भागातच नव्हे तर सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुस्थिती अशी की आपल्या वनांतील बहुतेक सर्व आगी मनुष्याच्या हातून लागतात. काही निष्काळजीपणाने, काही हेतुपुरस्सर. बांबूवर खापर फोडणे सोयीचे असते एवढेच.

यातील पहिले निमित्त मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन काळी व स्वच्छ केली जाते. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुले वेचणे सोपे जाते. वेचणारी बाई टोपली भरून घरी जाते आणि मागे राहिलेली आग दुपारच्या वाऱ्यावर स्वार होते. यात एक विपर्यास आहे. दरवर्षीच्या या जाळण्याने मोहाचे बियाणे व कोवळी रोपे नष्ट होतात. मोहाच्या पट्ट्यात जुनी झाडे दिसतात, पण त्यांच्याखाली तरणी रोपे आढळत नाहीत. ज्या झाडावर कुटुंबाचा उन्हाळा चालतो, त्याची पुढची पिढीच आपण जाळत आहोत, हे त्या कुटुंबाला कोणी समजावून सांगितलेले नसते. झाडाखाली जाळी बांधून फुले वेचण्याची पद्धत काही ठिकाणी रुजू लागली आहे. तिच्यामुळे आगीचे कारण उरत नाही आणि फूलही मातीत न पडल्याने स्वच्छ मिळते.

दुसरे निमित्त तेंदूचे. मे महिन्यात पानतोडणी होते. तत्पूर्वी जंगल जाळल्यास झुडपांना कोवळी, मऊ पालवी फुटते असा समज आहे. तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली तरी तशीच पालवी येते. मात्र छाटणीला मजुरी पडते, आगीला काडी पुरते.

सह्याद्रीच्या व कोकणच्या बाजूस कारणे निराळी. डोंगर जाळला म्हणजे पावसाळ्यात गवत चांगले येते, ही पिढीजात श्रद्धा. भातरोपांसाठी केलेल्या भाजावळीची आग बांध ओलांडून जाणे. रस्त्याकडेला फेकलेले विडीचे थोटूक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वणव्याची झळ सर्वप्रथम आंबा-काजूच्या बागांना बसते. कलम लावून फळ हाती येईपर्यंत शेतकऱ्याची कित्येक वर्षे जातात. कातळावरील वाळल्या गवतातून आलेली आग ती अर्ध्या तासात संपविते. गवताविषयीच्या श्रद्धेत अल्पसे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. जुने खुंट जळाल्याने नवा कोंब लवकर दिसतो व राखेचे खत काही काळ मिळते. पण उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्याच पावसात ती राख आणि तिच्यासह वरची माती वाहून जाते. फेब्रुवारी ते जून या काळात जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवी-तित्तिरांची घरटी, सरपटणारे जीव, रुजू पाहणारी बीजे यांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही.

पाण्यावाचून विझविणे

शहरातील आग म्हणजे बंब, नळी आणि पाणी. जंगलात यांपैकी काहीच नसते. बंब जाण्याजोगा रस्ता नाही, आणि एप्रिलमध्ये पाणवठ्यात असलेले पाणी वन्यप्राण्यांनाच पुरत नाही. मजुराच्या खांद्यावरील बाटलीत जे पाणी असते ते पिण्यासाठी. वणवा पाण्याने विझत नाही, तो उपाशी ठेवून मारावा लागतो. साऱ्या तंत्राचे सार एवढेच, की आगीच्या वाटेतील जळण तिच्या आधी काढून घ्यायचे.

हे काम आग लागण्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात सुरू होते. वनखंडांच्या सीमांवर व वनरस्त्यांच्या कडेने ठराविक रुंदीचे पट्टे आखून त्यांवरील गवत कापतात, वाळवितात आणि थंड, निवांत वेळ पाहून माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकतात. हीच जाळरेषा. एका बाजूला लागलेली आग या उघड्या पट्ट्याशी येऊन थांबावी, अशी ही योजना असते. आपल्या देशात या प्रकारच्या अग्निसंरक्षणाचे पद्धतशीर प्रयत्न १८६० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रांतातील बोरी या सातपुड्यातील वनात झाले. भारतातील जंगल आगीपासून राखणे अशक्य आहे असे म्हणणारे अधिकारी त्या काळी कमी नव्हते. तेव्हाची रेषा आणि आजची रेषा यांत तत्त्वतः फरक नाही. मात्र रेषा एकदा आखून भागत नाही. सागाची पाने मार्चभर गळत राहतात आणि वारा ती झाडलेल्या पट्ट्यावर पुन्हा आणून टाकतो. म्हणून ती पुनःपुन्हा झाडावी लागते. हंगामातील अंगाऱ्याचे बरेचसे दिवस या झाडण्यात जातात, आणि याच कंटाळवाण्या कामावर पुढचे सारे अवलंबून असते.

आग प्रत्यक्ष लागली, की पूर्वी हिरव्या फांद्यांच्या झोडप्यांनी ज्वाळा बडवीत जात. आजही जातात; तो उपाय कालबाह्य झालेला नाही. त्याच्या जोडीला आता पाठीवर बांधायचे, पेट्रोलवर चालणारे हवेचे यंत्र आले आहे. सारेजण त्याला 'ब्लोअर' म्हणतात. त्याच्या झोताने जळता पाचोळा जळून गेलेल्या बाजूस लोटतात व न जळलेला मागे सारून उघडा पट्टा तयार करतात. एक यंत्र अनेकांचे काम करते, हे खरे. परंतु ते वागविणारा मजूर पाठीवर पेट्रोलची टाकी घेऊन आगीपासून काही हातांवर, एप्रिलच्या दुपारी, चढावर चालत असतो, हेही तितकेच खरे. यंत्राच्या आवाजात साथीदाराची हाक ऐकू येत नाही. म्हणून जाणते वनपाल ब्लोअरवाल्याच्या मागे नेहमी एक मोकळा माणूस ठेवतात. त्याचे काम आग विझविणे नव्हे, वाऱ्याकडे व डोंगराकडे पाहत राहणे.

आग फारच मोठी असेल तर तिच्यासमोर काही अंतरावर, जाळरेषेच्या आधाराने, मुद्दाम दुसरी आग लावतात. दोन्ही आगी समोरासमोर येऊन भुकेने विझतात. हा उपाय हुकमी आहे, तसाच जोखमीचाही. दोन आगींच्या मध्ये आपले माणूस नाही याची खात्री असल्याखेरीज तो करावयाचा नसतो. आणि ज्वाळा विझल्या म्हणजे काम संपले असेही नाही. पोकळ बुंधे, आडवे पडलेले ओंडके दोन-दोन दिवस आत धुमसत राहतात. एखादी ठिणगी उडाली की केलेले सर्व पाण्यात जाते. सर्वजण थकून परतलेले असताना त्या काळ्या रानात दोघे-तिघे ओंडके उलथीत, माती टाकीत फिरत असतात.

त्यांच्या पायांत काय असते, हा प्रश्न येथे विचारावयास हवा. निखाऱ्यांवरून चालण्यास जाड तळव्याचे बूट, सहज न पेटणारे सुती कपडे, धूर अडविणारा रुमाल वा मुखवटा आणि पुरेसे पिण्याचे पाणी ही चैन नव्हे. काही वनक्षेत्रांत ही साधने नियमितपणे दिली जातात. जेथे ती हंगाम निम्मा सरल्यावर पोहोचतात, तेथे त्यांचा उपयोग केवळ नोंदवहीपुरता राहतो.

आकाशातील डोळा

२००४ पासून डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने देशभरातील वनांतील आगींचा शोध घेते. उपग्रहावरील संवेदक जमिनीवरील असाधारण उष्णता टिपतात. तिचे अक्षांश-रेखांश वनहद्दीच्या नकाशाशी ताडून संबंधित वनकर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठविला जातो. या सेवेसाठी कोणाही नागरिकास नाव नोंदविता येते, आणि वनालगतच्या ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ते अवश्य नोंदवावे. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनावर वारंवार आगी लागण्याचे सावट आहे.

या व्यवस्थेने मोठा पल्ला गाठला असला, तरी तिच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. उपग्रह एखाद्या ठिकाणावर सतत लक्ष ठेवून नसतो. तो ठराविक वेळी वरून जातो. अधिक बारकाईने पाहणाऱ्या संवेदकाची वेळ दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपासची. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीपर्यंत दिसणार नाही. दाट पर्णछत्राखालची लहान आग दिसेलच असेही नाही. टेकडीवरच्या मचाणावर बसलेला माणूस पाचोळ्याचा पांढुरका धूर आणि गावातील चुलींचा निळसर धूर यांतील फरक कोसावरून ओळखतो. संदेश येतो तेव्हा तो पुष्कळदा वाटेला लागलेला असतो.

कलम ७९

वणवा हे वनखात्याचे काम, अशी सर्वसाधारण धारणा असते. कायदा तसे म्हणत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम फारसे वाचले जात नाही. राखीव वा संरक्षित वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क वा परवानगी असलेली प्रत्येक व्यक्ती, तसेच अशा वनालगतच्या गावातील प्रत्येक शासकीय नोकर आणि समाजाच्या सेवेसाठी शासनाकडून मोबदला घेणारी प्रत्येक व्यक्ती, वनातील आगीची माहिती मिळताच ती विझविण्यासाठी तात्काळ उपाय करण्यास बांधील आहे. वनाधिकाऱ्याने बोलाविले असो वा नसो. तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल यांना हे सरळ लागू होते. शिक्षकही त्यातून बाहेर राहत नाहीत, असेच या शब्दरचनेवरून दिसते. वनाला हेतुतः किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली, तर राखीव वनातील चराईचे व वनोपजाचे सारे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राज्य शासनास दिला आहे. एकाने लावलेल्या काडीची शिक्षा सबंध गावाला होऊ शकते.

याचा अर्थ गुरुजींनी खडू ठेवून ज्वाळांत उडी घ्यावी असा नाही. सराव नसलेला माणूस आगीजवळ गेला तर अंगाऱ्यांना आगीबरोबर त्यालाही सांभाळावे लागते. परंतु वनरक्षकास किंवा १९२६ या निःशुल्क क्रमांकावर विनाविलंब कळविणे, वाहन मिळवून देणे, विझविणाऱ्यांपर्यंत पाणी व भाकरी पोहोचविणे, गावालगतची जळाऊ वैरण हलविणे, कोण वर गेले आणि कोण परत आले याची यादी ठेवणे, ही कामे गावाशिवाय कोणी करू शकत नाही. यादीचे काम सर्वांत क्षुल्लक वाटते. रात्री एक माणूस कमी भरला, तर शोधास निघण्याचा निर्णय त्या कागदावरच होतो.

गावाने ठरविले तर काय होते, याचे एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथे मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता हा तेथील हातखंडा रोख उत्पन्नाचा मार्ग होता. तोडणीसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते, हे ध्यानी घेऊन ग्रामसभेने तेंदूपत्ता न तोडण्याचा निर्णय घेतला व बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. आगीचे कारणच काढून घेणारा हा निर्णय कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने झालेला नाही. वन आपल्या हाती आल्यावर ते न जाळण्यात आपले हित आहे, हा हिशेब ग्रामस्थांनी स्वतः मांडला. प्रत्येक गावाला तो याच रीतीने जमेल असे नाही. ज्या गावाकडे विकण्याजोगा बांबू नाही, त्याला निराळी वाट शोधावी लागेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाच्या सरी येतात. काळे पडलेले उतार आठवड्याभरात हिरवे दिसू लागतात आणि मचाणे रिकामी होतात. अंगाऱ्यांचे हजेरीपत्रक बंद होते. ते आपापल्या शेतावर पेरणीस लागतात. झाडून, जाळून स्वच्छ राखलेल्या रेषांवर श्रावणापर्यंत कमरेइतके गवत वाढलेले असते. दिवाळी उलटल्यावर त्याच रेषा पुन्हा कापावयास घेतात.